लस टोचण्याआधी पिशवीतली गोळी बघा

गेल्या हंगामात वाळवा तालुक्यातल्या एका ऊसतोड वस्तीवर लसीकरणाचं सत्र होतं. कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सतरंजी, तिच्यावर लसीचा डबा, शेजारी एएनएम सिस्टर, आशाताई आणि माझ्या जीएनएम नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या सहा विद्यार्थिनी. बीडकडून आलेली एक आई दोन वर्षांचं पोर काखेत घेऊन आली. कार्ड गावाकडंच राहिलेलं. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस झाला नाही, एवढं तिला पक्कं आठवत होतं. सिस्टर कुपी उघडणार, तेवढ्यात माझ्या मुलींपैकी एक म्हणाली, "ताई, बाळाचं तोंड असं गोल का दिसतंय? कसली गोळी चालू आहे का?"

"सुजलं व्हतं ना ते. लघवीतून कायतरी जातंय म्हणले डॉक्टर. त्याची गोळी हाय."

कोपीच्या मेढीला अडकवलेल्या पिशवीतून पाकीट निघालं. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड, रोज २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांपासून. पोराचं वजन जेमतेम दहा किलो. सिस्टरनी कुपी परत डब्यात ठेवली.

परतताना गाडीत ती मुलगी म्हणाली, "मॅडम, स्टिरॉइड चालू असेल तर गोवरची लस द्यायची नाही, हे मला पाठ होतं. पण का नाही, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं." तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवात तालमीपासून करू. आपल्या सातारा-सांगलीकडं गावोगाव तालीम आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले, त्याच्या मागं अशाच लाल मातीतली वर्षं होती. यात्रेच्या मैदानात उतरण्याआधी पैलवान तालमीत जोड धरतो. समोरचा खरा पैलवानच असतो, पण वस्तादाच्या नजरेखाली, जपून लढणारा. एकदा अंगात मुरलेला डाव मग मैदानात आपोआप पडतो, विचार करावा लागत नाही. लस ही शरीराची तालीम आहे.

जंतू आत शिरला की पहिल्यांदा भिडतात त्या न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पेशी. समोर कोण आहे याची फारशी चौकशी न करता त्या तुटून पडतात. मॅक्रोफेज आणि त्यांच्या जातीच्या काही पेशी जंतूचा तुकडा उचलून टी पेशींना दाखवतात. हा तुकडा म्हणजे अँटिजेन. टी पेशी बी पेशींना कामाला लावतात, आणि बी पेशी नेमक्या त्या तुकड्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडी बनवतात. पहिल्या वेळी या साऱ्याला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून तर आज लस घेतली आणि उद्या संरक्षण मिळालं, असं होत नाही. पण या गडबडीत काही बी आणि टी पेशी स्मृतिपेशी होऊन मागं राहतात. पुढं खरा जंतू आला की त्या थोड्या दिवसांतच भरपूर आणि जास्त घट्ट चिकटणाऱ्या अँटिबॉडी उभ्या करतात. बूस्टर म्हणजे या स्मृतीला पुन्हा आखाड्यात उतरवणं.

यातली एक गोष्ट मनात पक्की धरा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लसीच्या कुपीत संरक्षण भरलेलं नसतं. कुपीत फक्त जोड असते. लढायचं आणि शिकायचं काम पेशंटचं शरीर करतं. ते शरीर औषधानं बांधलेलं असेल तर दोनपैकी एक होतं: शिकणं होत नाही, नाहीतर तालमीतली जोडच त्याला चितपट करते.

यातलं काय होणार, हे लस कुठल्या जातीची आहे त्यावर ठरतं. क्षयावरची बीसीजी, पोलिओचे थेंब, जुलाबावरची रोटाव्हायरस, गोवर-रुबेला, कांजिण्यांची लस, पिवळ्या तापाची लस, या जिवंत लसी. यातला जंतू दुबळा केलेला असतो, पण जिवंत असतो आणि शरीरात थोडा वाढतो. थोडा वाढतो म्हणूनच शरीर चांगलं शिकतं. बीसीजीनंतर काही आठवड्यांनी दंडावर गाठ येते, पिकते, वण राहतो, ते याचंच लक्षण. निरोगी बाळाचं शरीर त्या वाढीला वेळीच आवर घालतं. आवर घालणाऱ्या पेशीच नसतील किंवा औषधानं गप्प बसवलेल्या असतील, तर बीसीजीचे जंतू अंगभर पसरल्याची, लसीतल्या गोवराच्या विषाणूनं न्यूमोनिया झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. पोलिओच्या थेंबांतला विषाणू अशा मुलाच्या आतड्यात फार काळ टिकतो आणि क्वचित लुळेपणाही आणतो.

डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंट, कावीळ ब, इंजेक्शनची पोलिओ लस, न्यूमोकोकलची पीसीव्ही, धनुर्वात-घटसर्पाची टीडी, रेबीज, इंजेक्शनची फ्लूची लस, यांत जिवंत काही नाही. मेलेला जंतू, त्याचा तुकडा किंवा निकामी केलेलं विष. या लसी दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसाला आजार देऊ शकत नाहीत. शरीर कमी शिकेल, एवढीच शक्यता. म्हणून त्या द्यायच्या, चुकवायच्या नाहीत. "पेशंट इम्युनोसप्रेस्ड आहे, कुठलीच लस नको" असं म्हणणारे वॉर्डात भेटतात. त्यांच्या काळजीपोटी पेशंट न्यूमोनिया आणि फ्लूच्या तोंडी जातो.

मेलेल्या जंतूच्या लसीचं नाव निघालं की मला १८९७ साल आठवतं. त्या वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी उष्णतेनं मारलेल्या प्लेगच्या जंतूंची लस आधी स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनंच गेल्या. त्या आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. दोन महिन्यांचं आणि दोन शहरांचं ते अंतर आहे, आणि वर्गात हे सांगताना दरवेळी माझा आवाज जड होतो.

लस शिकवते, पण शिकायला वेळ लागतो. उसाच्या फडात घोणस चावली तर दोन आठवडे थांबता येत नाही. तिथं तयार अँटिबॉडी उसन्या घ्याव्या लागतात. सर्पदंशावरचं इंजेक्शन म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषाविरुद्ध त्या एकत्र काम करतात. उसनं ते उसनंच, काही दिवसा-आठवड्यांत संपतं आणि मागं स्मृती ठेवत नाही. त्यातून घोड्याचं प्रोटीन परकं, जोराची ॲलर्जी उठू शकते, म्हणून ते सुरू करताना ॲड्रेनलिन हाताशी हवंच. आईकडून बाळाला वारेतून मिळणाऱ्या अँटिबॉडी हेही उसनंच धन. गरोदर बाईला टीडी देतो ते तिच्यासाठी आणि जन्मणाऱ्या बाळाला धनुर्वात होऊ नये म्हणूनही. याच उसन्या अँटिबॉडी गोवराच्या लसीतल्या विषाणूलाही मारतात, म्हणून गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतर. रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे तयार अँटिबॉडी) नुकतंच दिलेल्या मुलाची ही लस पुढं का ढकलतात, तेही आता तुम्हीच सांगाल.

आता औषधांकडं. सांगलीच्या हळदीच्या पेठेतून जाताना "प्रतिकारशक्ती वाढवा" असं लिहिलेली पाकिटं दिसतात. हळद जेवणात हवीच. पण त्या वाक्यानं लोकांच्या मनात एक चुकीची समजूत बसते, की प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकं बरं. संधिवातात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, तीच शक्ती स्वतःच्या सांध्यांवर उलटलेली असते. बदललेल्या किडनीला ती परकी समजून नासवायला बघते. मिरजेचे तंबोरे बनवणारे कारागीर तार नुसती ताणत नाहीत, जुळवतात. ही औषधं देणारा डॉक्टर तेच करत असतो. तार ढिली करताना ती किती ढिली झाली, हे दिवसरात्र बघणारी नर्स असते.

सगळ्यांत जास्त भेटणारं औषध म्हणजे स्टिरॉइड. दमा, संधिवात, लहान मुलांची नेफ्रोटिक सूज (लघवीतून प्रोटीन जाऊन येणारी), कुष्ठरोगातली रिॲक्शन, किती ठिकाणी त्यानं माणसं सावरली आहेत. लसीच्या दृष्टीनं त्याचा आकडा लक्षात ठेवा: प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, लहान मुलांत वजनाच्या किलोमागं रोज २ मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि तेही १४ दिवस किंवा अधिक. एवढं झालं की जिवंत लस थांबवायची, आणि औषध बंद झाल्यावर निदान चार आठवड्यांनी द्यायची. दम्याचा पंप, त्वचेचं मलम, चार-पाच दिवसांचा छोटा कोर्स यांनी लस अडत नाही. पंप बघून बाळाला परत पाठवू नका. ऊसतोडीच्या आईला पुन्हा रोज बुडवून यायला जमत नाही.

पण स्टिरॉइडची खरी भीती वेगळीच आहे: ते आजार झाकतं. जंतुसंसर्ग झाला तरी ताप चढत नाही, पोटात आतडं फुटलं तरी पोट तितकं दुखत नाही. स्टिरॉइडवरचा पेशंट नुसता "आज जीव रमत नाही" म्हणाला तरी नाडी, रक्तदाब, श्वास मोजा. साखर बघा, ती वाढते. गोळी सकाळी, खाऊन झाल्यावर. पंपानंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात बुरशी धरते. आणि एक वाक्य प्रत्येक पेशंटला सांगायचंच: गोळी स्वतःहून बंद करायची नाही. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की किडनीच्या डोक्यावर बसलेली ॲड्रीनल ग्रंथी स्वतःचं स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवायची थांबते. गोळी एकदम तुटली तर ग्रंथी लगेच जागी होत नाही. रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस दगावूही शकतो. सुट्या पुडीतून मिळालेल्या सांधेदुखीच्या गोळ्या महिनोन्महिने घेणारी माणसं खेडोपाडी आहेत. पुडीवर नाव नसतं. "कुठलं औषध चालू आहे?" असं विचारलं तर ती "काहीच नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. म्हणून असं विचारा: "गुडघ्याला, दम्याला, खाजेला काही घेता का? त्यानं लगेच बरं वाटतं का? तोंड सुजल्यासारखं झालंय का?"

मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या गोळीबद्दल मला जरा थांबून सांगायचं आहे. फार वर्षांपूर्वी मी वॉर्डात काम करताना एक आजी दाखल झाल्या. तोंडभर फोड, पाण्याचा घोटही गिळवत नव्हता, अंगावर निळे-काळे डाग. चिठ्ठीवर "१ गोळी" एवढंच लिहिलं होतं. आठवड्यातून एकदाची गोळी त्या नऊ दिवस रोज घेत होत्या. चिठ्ठी लिहिणाऱ्यापासून औषध देणाऱ्यापर्यंत तीन-चार हातांतून ती गेली होती, आणि कुणीही "कधी घ्यायची?" हे आजींच्या तोंडून वदवून घेतलं नव्हतं. त्यांची अस्थिमज्जा बंद पडली होती. उतारा म्हणून ल्युकोव्होरिन दिलं, सगळं केलं. आजी वाचल्या नाहीत.

संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. पेशी वाढायला लागणाऱ्या फोलेट या जीवनसत्त्वाचं काम ते अडवतं, म्हणून वेगानं वाढणाऱ्या पेशी आधी मार खातात: तोंडाचं अस्तर, आतडं, रक्त बनवणारी मज्जा. फोलिक ॲसिडची गोळी डॉक्टर बहुधा वेगळ्या दिवशी देतात. दोन्ही गोळ्या दिसायला सारख्या असू शकतात, अदलाबदल होते. तेव्हापासून मी एकच युक्ती वापरते. पेशंटला विचारते, "तुमच्या गावचा बाजार कधी?" बुधवार म्हणाला तर मेथोट्रेक्सेट बुधवारी. बाजार आठवड्यातून एकदा, गोळी आठवड्यातून एकदा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही बाजाराचा वार चुकत नाही. मग त्याच्याकडूनच म्हणवून घेते: "बाजारच्या दिवशी पिवळी." रक्ताची आणि लिव्हरची तपासणी वेळेवर होते का ते बघा, आणि लग्न झालेल्या तरुण बाईला दिवस राहिलेत का हे आधी विचारा. गर्भाला हे औषध घातक आहे.

किडनी बदललेल्या पेशंटला, शरीरानं ती नासवू नये म्हणून, टॅक्रोलिमस असतं. त्याची रक्तातली पातळी तपासायची तर सकाळच्या गोळीच्या आधी रक्त काढायचं. गोळी देऊन मग रक्त काढलं तर पातळी खोटी वाढलेली दिसते, आणि डॉक्टर डोस कमी करतात. पुस्तकात "ग्रेपफ्रूट खाऊ नये" असं असतं, ते वाचून तासगावच्या एका पेशंटची द्राक्षं बंद केलेली मी पाहिली आहेत. ग्रेपफ्रूट हे लिंबाच्या घराण्यातलं मोठं फळ. आपल्याकडचं त्याचं भावंड म्हणजे पपनस, ते टाळायचं. द्राक्षांना ती अडचण नाही.

संधिवातासारख्या आजारांवरच्या नव्या बायोलॉजिक इंजेक्शनांचं थोडक्यात सांगते, पण यातली एक गोष्ट प्रसूतीच्या वॉर्डात कामाची आहे. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही औषधं टीएनएफ नावाचा पेशींमधला निरोप्या अडवतात. कित्येकांच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू कोंडवाड्यात घातल्यासारखे पेशींच्या कड्यात बंद असतात, आणि ते कडं टीएनएफच्या बळावर टिकतं. ते अडवलं की कडं ढासळतं, झोपलेला क्षय उठतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयासाठी त्वचेतली मँटू किंवा रक्ताची तपासणी. आणि आईनं गरोदरपणी हे घेतलं असेल तर औषध वारेतून बाळातही उतरतं. अशा बाळाला जन्मल्याबरोबर बीसीजी टोचायची नसते. निदान सहा महिने, काही औषधांत आणखी जास्त थांबतात. सहाव्या आठवड्याचा रोटाव्हायरस डोसही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बाळाला बीसीजी आपण सवयीनं टोचतो. गरोदरपणी असं इंजेक्शन घेतलं का, हे आईला त्याआधी विचारायचं.

केमोथेरपीनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत न्यूट्रोफिल तळाला जातात. या दिवसांत ताप १०१ फॅरनहाइट एकदा चढला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर तासाभरात पहिलं अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, हे नातेवाइकाला घरी सोडतानाच सांगा.

कुत्रं चावलेल्या माणसालाही गोळीचा प्रश्न विचाराच. जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुणं सगळ्यांनाच. पण प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला त्वचेतली लस न देता स्नायूत, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे रक्त न आलेल्या, ओरखड्यालाही जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. संधिवातावरचं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असेल तरी लस स्नायूतच, कारण ते त्वचेतल्या लसीला मिळणारं उत्तर कमी करतं.

आता त्या कोपीकडं परत. पोराला डीपीटीचा बूस्टर दिला, कारण त्यात जिवंत काही नाही. गोवर-रुबेला आणि पोलिओचे थेंब थांबवले, वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला. त्याची चार वर्षांची बहीण तिथंच धुळीत खेळत होती, तिचाही गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिलेला. तो तिला लगेच दिला. बहिणीला गोवर झाला नाही तर भावालाही तिच्याकडून होणार नाही, आणि लसीतला गोवराचा विषाणू एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. पोलिओचे थेंब मात्र तिलाही दिले नाहीत. तो विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो, आणि एका कोपीत, एका हंड्याच्या पाण्यावर राहणाऱ्या घरात तो भावापर्यंत पोहोचला असता. हे सिस्टरनी सांगण्याआधी माझ्या विद्यार्थिनीनं सांगितलं. आईला म्हणाली, "वस्तीवर कुणाला गोवर किंवा कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी याला दवाखान्यात घेऊन या, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. आणि गोळी मनानं बंद करू नका."

मग तिनं नवं कार्ड भरलं. गोवर-रुबेलाच्या चौकटीत बारीक पण स्वच्छ अक्षरात लिहिलं: "दुसरा डोस थांबवला. प्रेडनिसोलोन रोज २० मिग्रॅ चालू. बंद झाल्यावर ४ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून." खाली तारीख. आईनं ते कार्ड गोळ्यांच्या पिशवीतच घातलं आणि पिशवी परत मेढीला अडकवली. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, टोळी बीडला गेली. ती चौकट आता तिथली सिस्टर वाचेल.